पीएचडी करताना सिक्युरिटी कॉन्फरन्स आणि सीटीएफ: कशाला किती वेळ द्यावा?

ओवी_प
नमस्कार मंडळी. इथे सिक्युरिटीत काम करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं म्हणून विचारतेय. मी पुण्यात पीएचडी करते, दुसरं वर्ष संपत आलंय. विषय आहे स्वस्तातल्या आयपी कॅमेऱ्यांचं आणि राउटरचं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर), त्यातले बग आपोआप कसे शोधता येतील वगैरे. जेआरएफ ही फेलोशिप मिळते, महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, त्यातून घरी थोडे पाठवते, त्यामुळे उरतात ते पैसे जपूनच वापरावे लागतात.

लॅबमधली एमटेकची पोरं दर वीकेंडला सीटीएफ, म्हणजे हॅकिंगच्या स्पर्धा, खेळतात आणि मलाही ओढतात. मला आवडतं, शिकायलाही मिळतं असं वाटतं. पण गाइडचं म्हणणं आहे की हा सगळा खेळ आहे, दोन दिवस जागून फ्लॅग शोधलेस तर थीसिसमध्ये एक ओळ वाढत नाही, त्यापेक्षा पेपर लिही. दुसरीकडे पेपर लिहून पाठवायचा कुठे हाही प्रश्नच, कारण मोठ्या चार कॉन्फरन्सना (ओकलंड, युझनिक्स सिक्युरिटी, सीसीएस, एनडीएसएस) आमच्याकडून अजून कोणी गेलेलं नाही आणि गोव्याच्या नलकॉन या हॅकर मंडळींच्या कॉन्फरन्सला जायचं म्हटलं तर ती 'अॅकॅडमिक नाही' म्हणून सुट्टी टाकून जा म्हणतात.

तर ज्यांनी पीएचडी केलीय किंवा करताय त्यांनी सांगा, तुम्ही कुठे कुठे गेलात, काय हाती लागलं, काय वाया गेलं? आणि माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

रिकामटेकडा_आनंद
चांगला धागा. मी या क्षेत्रातला नाही पण चिवडा घेऊन बसलोय. वाचतोय.

पॅकेटपंत
ओवी, आधी अभिनंदन, विषय चांगला निवडलायस. मिराई या मालवेअरच्या वेळी २०१६ मध्ये असेच कॅमेरे आणि डीव्हीआर, कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले, लाखोंनी ताब्यात गेले होते आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पडल्या होत्या. म्हणजे विषयाला मरण नाही.

माझं पीएचडी जर्मनीत झालं. तिथे हा वादच नव्हता कारण आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक सीटीएफ टीममधूनच आलेले. डिसेंबरात २७ ते ३० केऑस काँग्रेस हे हॅकर मंडळींचं संमेलन असतं, १९८४ पासून चालू आहे. त्यात अॅकॅडमिक काही नाही असं म्हणणारे एकदा जाऊन बघा. तिथे स्टेजवर पीएचडीची पोरं तेच काम सांगतात जे ऑगस्टमध्ये युझनिक्स सिक्युरिटीला पंधरावीस मिनिटांत सांगितलेलं असतं, फक्त इथे तासभर मिळतो आणि समोर बसलेला माणूस ते यंत्र घरी उघडून बघितलेला असतो. प्रश्न असे येतात की घाम फुटतो. हॉलच्या बाहेर टेबलं मांडून लोक सोल्डरिंग करत बसलेले, लहान मुलं पण असतात. आणि सगळी भाषणं रेकॉर्ड होऊन फुकट मिळतात, त्यामुळे जर्मनीला जायलाच पाहिजे असं नाही, फर्मवेअरवरची जुनी भाषणं शोध आणि बघ.

खडकवासला
मी शिकवतो, पीएचडीची मुलं माझ्याकडेही आहेत, म्हणून गाइडची बाजू मांडतो. तुमच्या गाइडना खलनायक करू नका. विद्यार्थ्याकडे चार-पाच वर्षं असतात, त्यात पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये जातं. सीटीएफमध्ये प्रश्न कोणीतरी तयार करून ठेवलेला असतो आणि त्याला उत्तर आहे हे आधीच माहीत असतं. संशोधनात प्रश्नच आपल्याला शोधायचा असतो आणि त्याला उत्तर आहे की नाही हे तीन वर्षांनी कळतं. ज्याला पहिल्या प्रकारची सवय लागते त्याला दुसऱ्या प्रकारात बसवत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. स्कोअरबोर्डवर नाव वर सरकताना दिसतं, पेपरवर सहा महिने काहीच दिसत नाही. हुशार मुलं त्यात अडकतात. खेळा, पण एमटेकला खेळा. पीएचडीत पेपर.

हेक्सा
खडकवासला सर, आदर ठेवून असहमत.

शेलफिश टीम घ्या. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली, पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी चालवलेली सीटीएफ टीम. डार्पाने (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) सायबर ग्रँड चॅलेंज काढलं, ज्यात माणसाने हात न लावता प्रोग्रामनेच बग शोधायचा, हल्ला करायचा आणि स्वतःचं भोक बुजवायचं. ऑगस्ट २०१६ मध्ये लास व्हेगासला फायनल झाली, सात टीम होत्या. शेलफिश तिसरी आली, साडेसात लाख डॉलर. त्यासाठी वापरलेलं अँगर हे प्रोग्राम तपासायचं टूल त्याच लॅबचं, त्यावरचा पेपर त्याच वर्षी ओकलंडला आला आणि ड्रिलर या त्यांच्याच बग शोधणाऱ्या टूलवरचा एनडीएसएसला आला. आज फर्मवेअरवर काम करणारा कुठलाही विद्यार्थी अँगर उघडल्याशिवाय राहत नाही, ओवीने पण उघडलंच असेल. तर तो प्रश्न त्यांना सुचला कुठून? रात्ररात्र हाताने बायनरी (मशीनच्या भाषेतले प्रोग्राम) वाचून कंटाळले, हे काम मशीनने करावं असं वाटलं, तिथून. सर म्हणतात ना प्रश्न शोधायचा असतो, तो शोधायची एक जागा सीटीएफ आहे.

पहिलं बक्षीस, २० लाख डॉलर, मेहेम या प्रोग्रामला मिळालं. तो बनवणारी कंपनीसुद्धा कार्नेगी मेलनमधून निघालेली, आणि तिथली पीपीपी ही सीटीएफ टीम डेफकॉनची (लास व्हेगासच्या हॅकर संमेलनाची) स्पर्धा कितीदा जिंकलीय.

पॅकेटपंत
त्यातली पुढची गोष्ट पण सांग ना. मेहेमला लगेच डेफकॉनच्या सीटीएफमध्ये माणसांच्या टीमांविरुद्ध बसवलं होतं आणि ते शेवटचं आलं, जिंकली पीपीपी. नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये डार्पाच्याच एआय सायबर चॅलेंजची फायनल झाली तेव्हा टीम अटलांटाने ४० लाख डॉलर नेले. जॉर्जिया टेक, सॅमसंग रिसर्च, केएआयएसटी आणि पोस्टेक यांची मिळून टीम, त्यातही पीएचडीचे विद्यार्थी भरपूर. या वेळी तर खऱ्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम होतं.

मीनाताई_सांगली
मी या विषयातली नाही, पण माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि तोही सीटीएफ सीटीएफ करत असतो. शनिवारी रात्री जेवायला उठत नाही. हे नक्की काय असतं कोणी साध्या भाषेत सांगेल का? तो सांगतो ते मला कळत नाही आणि मी विचारलं की 'आई तू राहू दे' म्हणतो.

हेक्सा
मीनाताई, नक्की सांगते. कॅप्चर द फ्लॅगचं छोटं नाव सीटीएफ. दोन प्रकार असतात.

एकात प्रश्नांचा तक्ता असतो: वेबसाइट, क्रिप्टोग्राफी, बायनरी वगैरे. प्रत्येक प्रश्नात अक्षरांची एक ओळ लपवलेली असते, ती शोधून साइटवर टाकली की गुण. बहुतेक ऑनलाइन स्पर्धा अशाच, २४ किंवा ४८ तासांच्या. तुमचा मुलगा हेच खेळत असणार.

दुसरा प्रकार अटॅक-डिफेन्स. प्रत्येक टीमला अगदी सारखा सर्व्हर देतात, त्यावर चारपाच प्रोग्राम चालू असतात आणि प्रत्येकात मुद्दाम ठेवलेल्या चुका. दर काही मिनिटांनी आयोजकांचा प्रोग्राम येऊन प्रत्येकाच्या सर्व्हरवर नवा फ्लॅग ठेवून जातो. तुम्ही चूक शोधायची, स्वतःच्या सर्व्हरवर ती बुजवायची आणि बाकीच्यांकडून फ्लॅग चोरत राहायचं. यात गंमत अशी की घाईघाईत चूक बुजवताना प्रोग्रामच बंद पडला तर आयोजकांच्या तपासणीत तुमचे गुण कापले जातात, म्हणजे दाराला इतकं मोठं कुलूप लावलं की घरचेच आत येऊ शकत नाहीत तसं. खऱ्या कंपन्यांमध्ये पॅच लावताना हीच भीती असते. तिथे एक जण फक्त नेटवर्कवरचा ट्रॅफिक बघत बसतो, कारण दुसऱ्या टीमने आपल्यावर केलेला हल्ला पकडला की तोच उचलून तिसऱ्यावर मारता येतो. मला हे काम सगळ्यात आवडायचं. पहाटे तीन वाजता विंडोभर येणाऱ्या पॅकेटांत एक ओळ वेगळी दिसते आणि सगळी खोली जागी होते.

मुलाला जेवायला ताट टेबलावरच नेऊन द्या. शिकतोय तो.

मीनाताई_सांगली
बाई किती छान सांगितलंस. आता त्यालाच विचारते की तुझी टीम अटॅक-डिफेन्स खेळते का. बघू काय चेहरा होतो.

रिकामटेकडा_आनंद
मीनाताई, उद्या तो चेहरा कसा झाला ते इथे टाकाच.

गोंयकार_बाब
नलकॉनबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. २०१० पासून गोव्यात होतेय, मी बऱ्याच वेळा गेलोय, आधी विद्यार्थी म्हणून आणि आता नोकरी करून. अॅकॅडमिक नाही हे खरं, पेपर छापून येत नाही, स्कोपसच्या (संशोधन पेपरांच्या) सूचीत नाव येत नाही. पण ओवीच्या विषयाला भारतात याहून चांगली जागा मला माहीत नाही. तिथे हार्डवेअरची मंडळी येतात, यूएआर्ट पिना (बोर्डाशी थेट बोलायच्या) कुठे असतात, फ्लॅश चिपवर क्लिप कशी लावायची हे टेबलावर बसून दाखवतात. पेपरमध्ये ही गोष्ट 'वुई एक्स्ट्रॅक्टेड द फर्मवेअर' एवढ्या चार शब्दांत संपते, आणि नवा विद्यार्थी त्या चार शब्दांवर महिने घालवतो.

तिकीट महाग आहे हे खरं, विद्यार्थ्यांसाठी सवलत असते का ते आधी विचारा. स्वयंसेवक म्हणून काम केलं तर आत राहता येतं, हॉलमधली भाषणं थोडी चुकतात पण बाहेरच्या गप्पा मिळतात. पुण्यातच नल या सिक्युरिटीवाल्यांच्या गटाचं चॅप्टर आहे, त्यांच्या भेटी फुकट असतात, तिथून सुरुवात कर. आणि गोव्याला येशील तेव्हा हाक मार, घरचं जेवण नक्की.

नीलाक्षी_के
मुलींच्या बाजूने थोडं. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका कॉन्फरन्सला गेले तेव्हा रजिस्ट्रेशनच्या टेबलावर मला विचारलं, 'तुम्ही मार्केटिंगमधून का?' आणि सीटीएफच्या खोलीत मी एकटीच बाई. दोन तास कोणी बोललं नाही, मग एका प्रश्नात मी आरएसए या कूटपद्धतीतला कमकुवत घातांक पकडला तेव्हा खुर्च्या सरकल्या. हे असं सिद्ध करायला लागणं बरोबर नाही आणि ते बदलायला हवं, गप्प बसून चालणार नाही असं मला ठाम वाटतं. नलकॉनमध्ये विंजा नावाची स्पर्धा बायकांसाठी असते आणि ब्लॅकहुडीच्या रिव्हर्स इंजिनिअरिंगच्या कार्यशाळा बायका बायकांसाठीच घेतात, फुकट. मला तिथे ज्या मैत्रिणी भेटल्या त्यांच्याबरोबर आजही पेपर लिहिते. ओवी, एकटी जाऊ नकोस म्हणणार नाही, जा. पण आधी अशा एखाद्या कार्यशाळेला जा, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये दोन तरी ओळखीचे चेहरे असतील.

शिरवळकर
बाकी सगळं ठीक पण व्हिसा?! त्याबद्दल कोणीच बोलेना. माझा पेपर अमेरिकेतल्या एका मोठ्या कॉन्फरन्सला लागला. मुंबईला बीकेसीत मुलाखत, काउंटरवरच्या अधिकाऱ्याने विषय विचारला, मी म्हटलं सायबर सिक्युरिटी, नेटवर्क प्रोटोकॉलमधल्या चुका. दोन मिनिटं टाइप करून हातात २२१-जीची चिठ्ठी दिली, म्हणजे कागदपत्रं पुढे तपासायला गेली. सीव्ही, संशोधनाचा सारांश, प्रवासाचा तपशील, गाइडचं पत्र असं सगळं मागितलं. पाठवलं. कॉन्फरन्स होऊन गेली, व्हिसा त्यानंतर आला. माझ्या वतीने सहलेखकाने भाषण केलं आणि मी पुण्यातल्या खोलीत पहाटे लाइव्हस्ट्रीम बघत होतो. वर्षभराचं काम आणि आपल्या स्लाइड दुसऱ्याच्या आवाजात ऐकायच्या. अजून राग येतो.

म्हणून सगळ्यांना सांगतो, पेपर लागायची वाट बघू नका, सबमिट करतानाच मुलाखतीच्या तारखा बघायला लागा. आमंत्रणाचं पत्र आयोजक देतात, मागा. संशोधनाचा एक पानी सारांश साध्या भाषेत तयार ठेवा, ज्यात हे काम छापून सगळ्यांना खुलं होणार आहे हे पहिल्या परिच्छेदात असेल.

खडकवासला
शिरवळकर, वाईट वाटलं वाचून. म्हणूनच मी मुलांना सांगतो, युरोपात किंवा आशियात होणाऱ्याही बघा. सीसीएस दरवर्षी फिरते, २०२३ ला कोपनहेगन, २०२५ ला तैपेई. भारतात आयसीआयएसएस आहे, २००५ पासून, २०१७ ला तर आयआयटी मुंबईतच झाली होती. तिथे नवख्या विद्यार्थ्याला नीट ऐकून घेतात.

क्रिप्टोकाका
आमच्या क्रिप्टोवाल्यांना विसरू नका. इंडोक्रिप्ट २००० पासून होते, एशियाक्रिप्ट २०२४ ला कोलकात्यात झाली. विद्यार्थ्यांना ट्रेनने जाऊन जगातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या शेजारी बसता आलं, व्हिसा नाही, डॉलर नाही. अशा वेळी रजिस्ट्रेशनचे पैसे संस्थेने दिले नाहीत तर स्वतः भरावे, इतकं मी म्हणेन.

आणि रंप सेशन चुकवू नये. प्रत्येकाला काही मिनिटं, अर्धवट कल्पना, विडंबन, गाणी, काहीही चालतं. पण ऑगस्ट २००४ ला सांता बार्बराच्या क्रिप्टो कॉन्फरन्समध्ये रंप सेशनलाच वांग शाओयुन यांनी एमडी५ च्या टकरी (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश) दाखवल्या होत्या आणि हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. दहाबारा वर्षं जगभर वापरात असलेलं हॅश फंक्शन, आणि त्याची वाट लागल्याचं लोकांनी तिथे बसल्या बसल्या ऐकलं. तो पेपर नंतर आला. आम्ही पोरांना अजून ही गोष्ट सांगतो.

बिटबाय_बिट
अवांतर: डेफकॉनला दारात रोख पैसे देऊन बिल्ला घ्यायचा, नाव कोणी विचारत नाही हे खरंय का?

पॅकेटपंत
खरंय, १९९३ ला जेफ मॉसने सुरू केल्यापासूनची ती रीत. आता आगाऊ ऑनलाइनही घेता येतं, पण रोखीची रांग अजून असते आणि त्या रांगेतच निम्म्या ओळखी होतात. फोनचं वायफाय बंद ठेव, तिथे वॉल ऑफ शीप नावाची भिंत आहे, उघड्या नेटवर्कवर पासवर्ड टाकलास की अर्धवट झाकून भिंतीवर झळकतो. आणि ३-२-१ चा नियम लक्षात ठेव: रोज किमान तीन तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ.

रिकामटेकडा_आनंद
हा नियम आमच्या हॉस्टेलला लावला असता तर फार बरं झालं असतं. विशेषतः शेवटचा आकडा.

गोंयकार_बाब
आनंद, +१०१

मराठी_ध्रुव
शाकाहारी लोकांचे लास व्हेगासमध्ये काय हाल होतात त्यावर वेगळा धागा काढा. मी तीन दिवस बटाटे आणि केळी यांवर होतो, शेवटी एका तेलुगू मुलाने बॅगेतून पुलिहोरा काढला, त्याचं नाव अजून देवाच्या आधी घेतो.

हेक्सा
मूळ प्रश्नाकडे येऊ. ओवी, तुला मी पोस्टर सुचवेन. मोठ्या चारही कॉन्फरन्समध्ये पूर्ण पेपर लागणं फार कठीण, पाठवलेल्यांपैकी साधारण पाच-सहात एक लागतो. पण पोस्टरसाठी फक्त छोटा सारांश पाठवायचा असतो, अर्धवट काम चालतं आणि विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदतही मागता येते.

पोस्टरसमोर उभं राहणं म्हणजे काय ते सांगते, कारण याबद्दल कोणी लिहीत नाही. मोठा ए-झीरो कागद, बोर्डावर पिना. पहिली पंधरावीस मिनिटं कोणी थांबत नाही, सगळे खायच्या टेबलाकडे. मग एक बाई आल्या, गळ्यातलं नाव उलटं झालेलं त्यामुळे वाचता येईना. काही न बोलता आकृती बघितली, मग थेट खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या आलेखावर बोट ठेवून म्हणाल्या, 'हे जे चाललं नाही ते का चाललं नाही?' मी जे चाललं त्याचंच पाठ करून आले होते. उत्तर देता देता मलाच कळलं की माझ्या एमुलेटरमध्ये (खऱ्या यंत्राशिवाय फर्मवेअर चालवणारा प्रोग्राम) जी डिव्हाइस बूट होत नव्हती त्या सगळ्यांचं कारण एकच होतं. हॉटेलवर जाऊन तेच लिहून काढलं आणि पुढे थीसिसचं तिसरं प्रकरण त्यावरच झालं. त्या बाई कोण होत्या ते नंतर कळलं, माझ्या संदर्भयादीतला पहिला पेपर त्यांचा.

तुझ्या विषयात हेच आहे बघ. फर्माडाइन हे फर्मवेअर एमुलेट करायचं टूल एनडीएसएस २०१६ ला आलं तेव्हा खूप कौतुक झालं. मग कोरियातल्या लोकांनी २०२० ला फर्मएई आणलं, ते नेमकं 'न चाललेल्या'कडे बघून. अकराशेच्या वर फर्मवेअर इमेजपैकी आधी सुमारे १६ टक्के चालत होत्या, त्यांनी बूटच्या, नेटवर्कच्या आणि एनव्हीरॅमच्या (सेटिंग साठवायची मेमरी) बारीकसारीक अडचणींवर तोडगे काढत ते ७९ टक्क्यांवर नेलं. एकही चमकदार सिद्धांत नाही, पण सगळे ते वापरतात.

खडकवासला
हेक्सा, हे पटलं. आणि फर्मएईच्या उदाहरणात माझाही मुद्दा येतो, की बारीकसारीक अडचणी हाताने बघणं हे कामच आहे. सीटीएफमध्ये ती सवय लागत असेल तर मी माझं मत थोडं सैल करतो. एमटेकपुरतं नाही, पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांतही चालेल. तिसऱ्यापासून मात्र फक्त स्वतःच्या विषयाच्या स्पर्धा. ओवी, न्यूयॉर्क विद्यापीठाची सीसॉ ही स्पर्धा आहे, भारतात ती आयआयटी कानपूर घेते, त्यात सीटीएफशिवाय एम्बेडेड सिक्युरिटीची वेगळी स्पर्धा आहे आणि छापलेल्या पेपरांसाठी अप्लाइड रिसर्चची. ही गाइडना दाखवा, नाही म्हणायला अवघड जाईल.

नीलाक्षी_के
आणि अमृता विद्यापीठवाल्यांची बायोज टीम, केरळातली. त्यांच्या इनसीटीएफचे जुने प्रश्न आणि उत्तरं वाच. आपल्याकडची पदवीची मुलं जगातल्या टीमांना टक्कर देतात हे बघून ऊर भरून येतो.

सावंतवाडीकर
पैशाचं कोणी सांगा ना. पीएमआरएफवाल्यांना (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) वर्षाला दोन लाख खर्चाला मिळतात, ते सुटले. जेआरएफवाल्याने काय करायचं?

शिरवळकर
एएनआरएफ या सरकारी संशोधन निधी संस्थेची परदेश प्रवासाची योजना आहे, आधीचं एसईआरबी. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्था मिळून प्रवासासाठी अनुदान देतात. शिवाय बहुतेक कॉन्फरन्स विद्यार्थ्यांना रजिस्ट्रेशन किंवा हॉटेलची मदत देतात, अर्ज वेगळा असतो आणि त्याची तारीख पेपरच्या निकालानंतर लगेच असते, ती चुकवू नका. खरी अडचण अशी की पैसे आधी आपण खर्चायचे आणि बिलं नंतर मंजूर होतात. आमच्या इथे बोर्डिंग पास हरवला म्हणून एका पोराचे विमानाचे पैसे अडकले होते. प्रत्येक कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढायचा. आणि जायला जमलंच नाही तरी युझनिक्सचे पेपर, स्लाइड, व्हिडिओ सगळं खुलं आहे.

खोट्या कॉन्फरन्सपासून सांभाळा. 'डिअर एमिनंट रिसर्चर' म्हणून मेल येतात, बँकॉक, दुबई, एकाच हॉलमध्ये नर्सिंग, सिमेंट आणि सायबर सिक्युरिटी. आठवड्यात पेपर स्वीकारतात. २०२२ मध्ये यूजीसीने पीएचडीसाठी पेपर छापायची सक्ती काढली तरी बऱ्याच ठिकाणी अजून मागतात, म्हणून पोरं तिथे पैसे भरतात. नका भरू.

बिटबाय_बिट
ओकलंड म्हणतात ती ओकलंडला होते का?

हेक्सा
नाही रे, आयट्रिपलईची सिक्युरिटी अँड प्रायव्हसी. १९८० पासून २०११ पर्यंत तिथल्या क्लेअरमाँट हॉटेलात व्हायची, मग सॅन फ्रान्सिस्को, मध्ये काही वर्षं सॅन होजे. नाव चिकटलं ते चिकटलं.

मीनाताई_सांगली
विचारलं त्याला. आधी बघतच राहिला, मग म्हणाला, 'आई तुला अटॅक-डिफेन्स कुणी सांगितलं?' आणि मग तासभर लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसून सगळं दाखवलं. त्याची टीम वेब आणि फॉरेन्सिक्स खेळते. हेक्साला माझ्याकडून पुरणपोळी लागू.

रिकामटेकडा_आनंद
सगळा धागा या एका प्रतिसादासाठी वसूल. बाकीच्यांनाही पुरणपोळी लागू करावी अशी नम्र विनंती.

ओवी_प
इतकं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. काल गाइडशी बोलले. शेलफिशची आणि फर्मएईची गोष्ट सांगितली, सीसॉचं पान दाखवलं. सर ऐकून घेतात हे कळलं, आजवर मी नीट मांडलंच नव्हतं बहुतेक. ठरलं असं: वीकेंडची जनरल सीटीएफ कमी, एम्बेडेडची स्पर्धा टीम करून खेळायची, आणि एका कॉन्फरन्सला पोस्टर पाठवायचं. नलच्या पुण्यातल्या पुढच्या भेटीला सर स्वतः येतो म्हणालेत!

आता एक प्रश्न. पोस्टरमध्ये मला एका कॅमेऱ्यात सापडलेला बग दाखवायचाय, लॉगिन न करता व्हिडिओ मिळतो. कंपनीला मेल केली, उत्तर नाही. कॉन्फरन्सला अजून चार महिने आहेत. दाखवू का?

नीलाक्षी_के
थांब! आधी सर्ट-इनला, म्हणजे सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला, कळव. त्यांच्याकडे बग कळवायची पद्धत ठरलेली आहे आणि ते स्वतः सीव्हीई क्रमांकही (बगची जगभर चालणारी नोंद) देऊ शकतात. कंपनीला केलेल्या मेलच्या तारखा लिहून ठेव.

पॅकेटपंत
आणि साधारण ९० दिवसांची मुदत जगभर मानतात, गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने ती रूढ केली. तुझ्याकडे चार महिने आहेत म्हणजे आज कळवलंस तर बसतंय. एवढी काळजी का म्हणतो ते सांगतो. मिनेसोटा विद्यापीठातून लिनक्स कर्नलला मुद्दाम खोट असलेले पॅच पाठवून त्यावर पेपर लिहिला गेला होता, ओकलंडला लागलाही होता. २०२१ मध्ये बोंबाबोंब झाली, कर्नलवाल्यांनी अख्ख्या विद्यापीठाचेच पॅच बंद केले आणि पेपर मागे घ्यावा लागला. आता युझनिक्स सिक्युरिटीत नीतीबद्दल वेगळं लिहावंच लागतं. तुझं तसं काही नाही, पण कोणाच्या घरातला कॅमेरा आहे तो, हे विसरू नको. इंटरनेटवर असलेल्या दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यावर चुकूनही चालवून बघू नकोस, आपल्याकडचा आयटी कायदा त्याला संशोधन म्हणणार नाही. फक्त स्वतः विकत घेतलेल्यावर.

खडकवासला
पॅकेटपंतांशी पूर्ण सहमत. कॅमेऱ्याच्या खरेदीचं बिलही जपून ठेवा. आणि सर्ट-इनला जाणाऱ्या मेलमध्ये गाइडना सीसी करा, संस्थेच्या पत्त्यावरूनच पाठवा.

ओवी_प
दोन्ही कॅमेरे लॅबच्याच पैशातून घेतलेत, बिलं आहेत. आज संध्याकाळी सरांबरोबर बसून मेल लिहिते. मॉडेलचं नाव तोपर्यंत पोस्टरवर 'उत्पादक अ' असं ठेवलं तर चालेल ना?

हेक्सा
चालेल, सगळे तसंच करतात. फक्त स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातला लोगो आणि मॅक अॅड्रेसचे (उपकरणाचा नेटवर्क क्रमांक) पहिले तीन भाग झाक, त्यावरून कंपनी लगेच ओळखता येते. आणि पोस्टर कापडावर छापून घे, घडी करून सॅकमध्ये बसतं, विमानात नळकांडं सांभाळत बसावं लागत नाही.